पेटीत पैसे टाका, मग टी-ऑफ करा : ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
ऑस्ट्रेलियातील मराठी मंडळांच्या कार्यकारिणी आणि सर्व सभासद

विषय : मोटरहोमच्या प्रवासात वाटेवर लागणारे गावोगावचे गोल्फ क्लब

सप्रेम नमस्कार, वि. वि.

शाळेच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक प्रश्न हमखास येतो. मोटरहोम घेऊन निघतोय, रात्री फुकट कुठे थांबता येईल? मग उत्तरं सुरू होतात आणि त्यांत कुठल्या ना कुठल्या गावचा गोल्फ क्लब असतोच. 'झकास जागा आहे, झाडं आहेत, गरम पाण्याचा शॉवर आहे, कुणी काही विचारत नाही.' या शेवटच्या वाक्यामुळे मी हे पत्र लिहिते आहे.

तिथे कुणी विचारत नाही, कारण विचारायला कुणी नसतं. क्लबात पगारी माणूस नाही. सेक्रेटरी शेतावर असतो, खजिनदार बाई शेजारच्या गावातल्या दवाखान्यात नोकरीला जातात आणि गवत कापणारे गृहस्थ पंच्याहत्तरी ओलांडलेले असतात. क्लबाच्या दाराशेजारी पत्र्याची एक पेटी भिंतीला ठोकलेली असते. ग्रीन फी (मैदानावर खेळण्याचे पैसे) किती, मुक्कामाचे किती, ते वर लिहिलेलं असतं. बाजूला पाकिटं आणि दोरीला बांधलेलं पेन. नाव आणि गाडीचा नंबर लिहायचा, पैसे पाकिटात घालायचे, पाकीट पेटीत टाकायचं. सगळा कारभार आल्या-गेल्याच्या इमानावर चालतो. रात्री शॉवर वापरून, सकाळी टाकी भरून, पेटीकडे न पाहता निघून जाणारी गाडी त्या क्लबाचं पाणी आणि वीज फुकट घेऊन जाते, आणि त्याचं बिल त्या पंच्याहत्तरीच्या गृहस्थांच्या वर्गणीतून जातं.

माझी विनंती अशी आहे. या क्लबांमध्ये अवश्य थांबा, पण पैसे भरून थांबा. थांबलात तर टी-ऑफ करा, म्हणजे पहिला फटका मारून खेळ सुरू करा, आणि नऊ होल (गोल्फचा अर्धा डाव) खेळा. आणि संध्याकाळी क्लबाचं स्वयंपाकघर चालू असेल तर गाडीतल्या शेगडीवर मॅगी न करता तिथे जेवा.

मी मेलबर्नला राहते. गोल्फ इथे आल्यावरच शिकले, एका सार्वजनिक मैदानावर, मैत्रिणीच्या जुन्या स्टिक घेऊन. गेली काही वर्षं नवरा आणि मी हिवाळ्यात भाड्याची मोटरहोम काढून व्हिक्टोरियाच्या वायव्येला, विमेरा आणि मॅलीच्या पट्ट्यात जातो. सपाट जमीन. मॅलीत लालसर वाळूची माती, बुटके निलगिरी, वर्षाला जेमतेम ३०० ते ३५० मिलिमीटर पाऊस. गहू, बार्ली, हरभरा, मसूर. गावं एकमेकांपासून लांब, आणि जवळपास प्रत्येक गावाला आपापलं मैदान. ऑस्ट्रेलियात गोल्फचे दीड हजारांच्या आसपास क्लब आहेत. शहरातल्या माणसाला त्यांतले बरेचसे कधी दिसतही नाहीत, कारण ते अशा गावांच्या कडेला, रेसकोर्सच्या आत किंवा सरकारी पडीक जमिनीवर आहेत. शेतकऱ्यांनी झाडं काढून, दगड वेचून ते स्वतः तयार केले.

यांतल्या कित्येक क्लबांत ग्रीन, म्हणजे बॉल ज्यात घालायचा त्या होलभोवतीचा गुळगुळीत तुकडा, हिरवं नसतंच. पाण्याअभावी गवताचं ग्रीन राखणं परवडत नाही. म्हणून बारीक वाळू तेलात कालवून तिचा गोल, दाबलेला, काळपट थर करतात. पूर्वी त्यासाठी ट्रॅक्टरमधून काढलेलं जुनं इंजिन ऑइल वापरत. ते जमिनीत मुरतं हे लक्षात आल्यावर अनेक ठिकाणी ती पद्धत सोडून दिली. बॉल ग्रीनवर आला की तिथे ठेवलेला लांब दांड्याचा स्क्रेपर उचलायचा आणि बॉलपासून होलपर्यंत वाळू ओढून सपाट पट्टा करायचा. त्या पट्ट्यावरून पट, म्हणजे बॉल होलकडे सरपटवणारा हलका फटका, मारायचा. काही ठिकाणी एकच पट्टा ओढून ठेवलेला असतो. तुमचा बॉल होलपासून जेवढ्या अंतरावर थांबला असेल तेवढ्याच अंतरावर तो उचलून त्या पट्ट्यावर ठेवायचा. सगळ्यांचं झालं की मागून येणाऱ्यांसाठी वाळू पुन्हा गोल गोल फिरवून सारखी करायची. न्यू साउथ वेल्समध्ये वाळूच्या ग्रीनवरची राज्य पातळीची स्पर्धाही होते, म्हणजे याला कमअस्सल गोल्फ समजायचं कारण नाही. मला तर हे गवतापेक्षा जास्त आवडतं. बॉल वाळूवरून जाताना बारीक खरखर ऐकू येते, वेग कमी असतो, नवख्या माणसाचाही बॉल ग्रीनवरून पार पलीकडे पळत नाही. आणि प्रत्येक खेळाडूला निघण्यापूर्वी पुढच्यासाठी जागा नीट करून ठेवावी लागते, हे मुलांना दाखवण्यासारखं आहे.

हंगाम मात्र लक्षात ठेवा. इथे गोल्फ हिवाळ्यात. एप्रिल-मेमध्ये पेरण्या आटोपतात, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापणी येते, आणि मधले थंड महिने खेळाचे. उन्हाळ्यात फेअरवे (ग्रीनपर्यंत जाणारा गवताचा लांब पट्टा) वाळून जमीन भेगाळते, साप निघतात, माणसं रात्रंदिवस हार्वेस्टरवर असतात. डिसेंबरच्या सुट्टीत जाऊन 'क्लब ओसाड पडलाय' असा निष्कर्ष काढू नका.

पण हिवाळ्यातही हे क्लब अडचणीत आहेत, ते का, हे सांगितलं पाहिजे. पूर्वी ज्या जमिनीवर चार कुटुंबं पोसली जात, ती जमीन आता एकच कुटुंब मोठ्या यंत्रांनी कसतं. तीन घरं कमी झाली की शाळेतली मुलं कमी होतात, मग बँकेची शाखा जाते, मग फुटबॉलचा संघ शेजारच्या गावाच्या संघात विलीन होतो. १९९७ ते २००९ असा लांबलेला दुष्काळ या भागाने सोसला. त्यात ज्यांच्याकडे गवताची ग्रीन होती त्यांची ती जळाली आणि काही क्लबांचे सभासदही त्याच काळात गाव सोडून गेले. २०१० साली विमेरा-मॅली जलवाहिनीचं काम पूर्ण झालं. साडेसतरा हजार किलोमीटरच्या उघड्या मातीच्या कालव्यांच्या जागी सुमारे ८,८०० किलोमीटर नळ आले. उघड्या कालव्यातलं बहुतेक पाणी वाटेतच मुरायचं आणि वाफ होऊन जायचं, ते थांबलं. गावांना पाण्याची खात्री मिळाली, हे फार मोठं काम झालं. पण पाणी आता मोजून येतं, आणि मैदानावर ओतायचं तर ते मोजून विकत घ्यावं लागतं.

सभासद थोडे आणि खर्च ठरलेला. सार्वजनिक अपघात विमा, वीज, डिझेल, गवत कापायच्या यंत्राची दुरुस्ती, बारचा परवाना. जमेच्या बाजूला वर्गणी, ग्रीन फी, शुक्रवारचा बार आणि मांसाच्या ट्रेची सोडत. (शाकाहारी असलात तरी त्या सोडतीचं तिकीट घ्या. लागला तर ट्रे परत सोडतीला ठेवता येतो. मी तसंच करते.) शहरात चित्र उलटं आहे. २०२० नंतर गोल्फला इतकी गर्दी झाली की मेलबर्न-सिडनीतल्या अनेक क्लबांत सभासदत्वासाठी रांगा लागल्या. ती गर्दी गावापर्यंत मात्र पोहोचली नाही.

प्रवासी येतात, असं नाही की येत नाहीत. याच भागातल्या ब्रिम गावच्या धान्याच्या सायलोवर, म्हणजे उंच कोठारांवर, २०१६ च्या सुरुवातीला शेतकऱ्यांची भव्य चित्रं रंगवली गेली. मग शीप हिल्स, पॅचेवोलॉक, रुपॅन्यप, लसेल्स, रोझबरी अशी गावागावांत चित्रं झाली आणि सुमारे दोनशे किलोमीटरची सायलो चित्रांची वाट तयार झाली. आपली कितीतरी कुटुंबं त्या वाटेने जाऊन आली आहेत, फोटो मीही पाहिले आहेत. फार सुंदर चित्रं आहेत. पण सायलो रस्त्यालगत असतो, पाहायला तिकीट नसतं, आणि गाडीत फ्रीज भरलेला असतो. दहा मिनिटं थांबून फोटो काढले की पुढचं गाव. ज्या शेतकऱ्यांची चित्रं पाहायला आपण एवढं डिझेल जाळतो, त्यांच्या नातवंडांनी चालवलेला क्लब दोन वळणांवर असतो, आणि तिथे आपण वळत नाही.

मंडळाच्या कार्यकारिणीतल्या लोकांना मी हे वेगळं समजावून सांगायला नको. गणपतीच्या कार्यक्रमासाठी हॉल कोण ठरवतं, शिधा कोण आणतं, ध्वनियंत्रणा कोण उचलून नेतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं तीच दहा माणसं. आरतीला चारशे, आवरायला चौघं. त्या चौघांपैकी दोघं थकले की पुढच्या वर्षी काय होईल, ही चिंता तुम्ही बैठकीत बोलून दाखवता. गावच्या गोल्फ क्लबाची समिती नेमकी याच जागी उभी आहे, फरक एवढाच की तिच्या गावात नवीन माणूस राहायला येत नाही. म्हणून येणाऱ्या प्रवाशाचं तिला इतकं महत्त्व आहे.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो. 'आम्हाला कुठे गोल्फ येतं? तो श्रीमंतांचा खेळ.' हा समज आपण भारतातून घेऊन आलो आणि तिथे तो खराही आहे. कोलकात्याचा रॉयल क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना गोल्फ क्लब, आणि तेव्हापासून आपल्याकडे हा खेळ साहेबांचा, लष्कराचा आणि मोठ्या पगाराचा राहिला. चेंबूरला किंवा येरवड्याला आपण गोल्फ मैदानाच्या बाहेरच्या रस्त्याने बसमधून गेलो, आत काय चालतं ते कधी पाहिलं नाही. इथल्या गावात मात्र भिंत नाही. कित्येक ठिकाणी कुंपणसुद्धा नाही. ट्रॅक्टरवरून उतरलेला माणूस कामाचे बूट बदलून पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहतो. मी पाहिलेल्या पाट्यांवर नऊ किंवा अठरा होलची ग्रीन फी दहा ते पंचवीस डॉलरच्या दरम्यान होती. मेलबर्नमध्ये दोन माणसांच्या कॉफीला आणि केकला तेवढे लागतात. कॉलरचा शर्ट आणि साधे बूट चालतात. स्टिक नसतील तर आधी फोन करा, बहुतेक ठिकाणी क्लबाच्या खोलीत कुणीतरी सोडलेला जुना संच असतो आणि तो आनंदाने देतात. मैदान एवढं मोकळं असतं की तुमच्यामागे वैतागलेला खेळाडू उभा राहण्याची शक्यता नाही. शिकायला याहून चांगली जागा शहरात पैसे देऊनही मिळणार नाही.

आणखी एका कारणासाठी तिथे गेलं पाहिजे, आणि मला ते सगळ्यांत मोठं वाटतं. भारतातून आई-बाबा येतात, महिनोन् महिने आपल्या उपनगरातल्या घरात बसून राहतात. आपण कामावर, मुलं शाळेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझे बाबा बार्शीचे, निवृत्त शिक्षक, घरची कोरडवाहू जमीन. ग्रेट ओशन रोडला नेलं तेव्हा त्यांनी समुद्र पाहिला आणि गाडीत येऊन बसले. मॅलीत नेलं तेव्हा मात्र गाडी थांबायच्या आत दार उघडून उतरले आणि माती हातात घेतली. क्लबावर त्यांनी खेळायला नकार दिला, पण स्क्रेपर त्यांना लगेच कळला. फळी फिरवून जमीन सपाट करणं त्यांना काही नवं नव्हतं. तिसऱ्या होलपासून प्रत्येक ग्रीनवर वाळू सारखी करायचं काम त्यांनी आमच्याकडून काढूनच घेतलं.

त्याच दुपारी एक स्थानिक शेतकरी आमच्याबरोबर खेळायला आला. बाबांचं इंग्रजी जपून चालणारं, त्याचं शब्द गिळणारं, मधे दुभाषी मी. पाऊस किती, हा पहिला प्रश्न त्याचा. आमच्याकडे तुमच्यापेक्षा बराच जास्त, बाबा म्हणाले, पण हवा तेव्हा येत नाही. मग पेरणीची खोली, बियाणं, उंदरांचा त्रास, मुलं शेती करणार की नाही. त्याने मसूर लावली होती. मसूर कुठे जाते हे बाबांनी विचारलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, तुमच्याकडेच. डिसेंबर २०१७ मध्ये भारत सरकारने हरभरा आणि मसुरीच्या आयातीवर तीस टक्के शुल्क लावलं, तो काळ त्याला महिन्यासकट आठवत होता. भाव कोसळला आणि त्याने माल विकायचं सोडून साठवून ठेवला होता. बाबांनी त्याला दुसरी बाजू सांगितली. आयातीमुळे भाव पडला की बार्शीच्या बाजारात तूर-हरभरा घेऊन बसलेल्या माणसाचं काय होतं ते. दोघांपैकी कुणी कुणाला दोष दिला नाही. परत येताना बाबा म्हणाले, "ह्यांचं रान आपल्यापेक्षा हलकं आहे गं, पण राखलंय बघ कसं." मुक्कामभर त्यांनी मला जे काही सांगितलं, त्यात सर्वांत जास्त वेळा त्या दुपारचा उल्लेख होता. उपनगरात राहून ही भेट झाली नसती, आणि क्लब बंद पडला असता तर तिथेही झाली नसती.

आता मोटरहोमबद्दल थोडं, कारण चांगल्या मनाने गेलेली माणसंही माहिती नसल्यामुळे त्रास देऊन येतात. एका क्लबाच्या सेक्रेटरीने मला सांगितलं की कुणीतरी सांडपाण्याची टाकी थेट नवव्या ग्रीनमागच्या झाडांत रिकामी केली होती आणि त्यानंतर मुक्कामाची सोय बंद करायचा ठराव समितीपुढे आला. सोय थोडक्यात वाचली. ती गाडी आपल्यापैकी कुणाची होती की नाही, मी विचारलं नाही. संडासाची टाकी आणि भांडी-आंघोळीचं पाणी, दोन्ही डम्प पॉइंटवरच, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या ठरलेल्या जागीच, सोडायचं. बहुतेक गावांत तो शोग्राउंडजवळ किंवा नगरपालिकेच्या आवारात असतो. ऑस्ट्रेलियाच्या कॅम्परव्हॅन आणि मोटरहोम क्लबाने 'आरव्ही फ्रेंडली टाउन' अशी योजना चालवली आहे. ती पाटी ज्या गावाच्या वेशीवर असते तिथे डम्प पॉइंट, पिण्याचं पाणी आणि थोड्या मुक्कामाची स्वस्त जागा मिळतेच. क्लबात पोहोचण्याआधी टाकी रिकामी करून, पाणी गावात भरून जा. पावसाच्या पाण्याच्या टाकीचा नळ विचारल्याशिवाय उघडू नका. या भागात ते पाणी पिण्यासाठी जपून ठेवलेलं असतं.

भाड्याच्या गाडीचा करारही नीट वाचा. चार-साडेचार टनांपर्यंतची गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते, पण अनेक करारांत कच्च्या रस्त्यावर जायला बंदी असते, आणि क्लबाकडे जाणारा शेवटचा तुकडा बऱ्याचदा खडीचा असतो. त्या तुकड्यावर काही झालं तर विमा मिळत नाही. कंपनीला आधी विचारा, थोड्या खडीच्या रस्त्याला काही जण परवानगी देतात. नाही दिली तर गाडी गावात लावून चालत जा, नाहीतर सेक्रेटरीला फोन करा, कुणीतरी घ्यायला येतं. संध्याकाळी अंधारायच्या आत पोहोचा, कारण त्या वेळी कांगारू रस्त्यावर आणि फेअरवेवर दोन्हीकडे उतरतात. पाऊस झाला असेल तर गवतावर गाडी नेऊ नका, तीन-चार टनांच्या गाडीचे चर पूर्ण हंगाम राहतात. जनरेटर लावू नका.

आणि एक गोष्ट गावाच्या बाजूने. ज्या गावात कुणी कॅराव्हॅन पार्क चालवून पोट भरतं, तिथे क्लबाचा स्वस्त मुक्काम त्याच्या मुळावर येऊ शकतो. काही नगरपालिका म्हणूनच क्लबांना अशी परवानगी देत नाहीत. तिथे हट्ट करू नका. पार्कात राहा आणि क्लबात खेळा-जेवा, दोघांचंही चालेल.

गोल्फने प्रवाशाला थांबवता येतं याचा मोठा दाखला याच देशात आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सिडूनापासून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅलगूर्लीपर्यंत १,३६५ किलोमीटर पसरलेलं नलारबॉर लिंक्स हे १८ होलचं मैदान २००९ साली सुरू झालं. एक होल खेळायचा, गाडीत बसायचं आणि पुढच्या रोडहाउसला उतरून पुढचा होल खेळायचा. काही होल सिडूना, नॉर्समन, कॅम्बाल्डा आणि कॅलगूर्लीच्या जुन्या क्लबांत आहेत, बाकीचे पेनाँग, नंड्रू, युक्ला, मंड्राबिला, कॉकलबिडी, बॅलाडोनिया अशा पेट्रोलपंपवजा वस्त्यांवर. टी आणि ग्रीन कृत्रिम गवताची, मधे मूळ झुडुपं आणि दगड. प्रत्येक ठिकाणी स्कोअरकार्डवर शिक्का घ्यायचा आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. लोक पूर्वी हा आयर महामार्ग, केगुनाजवळची १४६ किलोमीटरची एकही वळण नसलेली सरळ रेषा धरून, जीव मुठीत धरून पार करायचे. आता दर ठिकाणी उतरतात, पाय मोकळे करतात, चहा घेतात. वस्तीला गिऱ्हाईक मिळतं आणि डुलकीमुळे होणारे अपघात टळायला मदत होते. नवऱ्याने आणि मी ही वाट केली आहे. खेळ म्हणून ती साधारणच आहे, खरं सांगते. पण त्या निर्मनुष्य मैदानात माणसाला थांबायला कारण मिळालं, ही युक्ती मला फार मोठी वाटते. उलुरूला जाताना कूबर पीडीत थांबाल तर तिथलाही गोल्फ क्लब पाहा. तिथे गवताचं पातं नाही, सोबत कृत्रिम गवताचा तुकडा घेऊन त्यावरून बॉल मारतात.

मंडळांकडून मला काय हवं आहे ते आता सांगते. सहलींची माहिती जिथे जिथे आपण देतो, तिथे 'फुकट जागा' या यादीतून गोल्फ क्लब काढून टाकावेत आणि त्यांची वेगळी नोंद करावी. त्यात ग्रीन फी किती, मुक्कामाचे किती, क्लबाचं स्वयंपाकघर कुठल्या वारी चालू असतं आणि सेक्रेटरीला फोन कधी करावा, एवढं असावं. सोबत सुट्टे पैसे न्यायची सूचना, कारण पेटीला कार्ड चालत नाही आणि कित्येक ठिकाणी फोनला रेंज नसते. माझ्याकडे मॅली आणि विमेरातली अशी यादी आहे, ती मी मंडळाला देईन. इतर राज्यांतल्या सभासदांनी आपापल्या भागाची करावी.

आपल्यातले जे खरोखर गोल्फ खेळतात त्यांना वेगळं सांगायचं आहे. हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा अधिकृत आकडा) मिळवायला सहसा क्लबाचं सभासदत्व लागतं, शहरात ते महाग आणि रांगेत, म्हणून अनेकांनी लांबच्या गावच्या क्लबाचं स्वस्त सभासदत्व घेऊन ठेवलेलं आहे. त्यात गैर काही नाही, वर्गणी क्लबालाच मिळते. पण ज्या मैदानाच्या नावाने आपण स्कोअर नोंदवतो ते मैदान एकदाही पाहिलेलं नसावं, हे मला पटत नाही. हंगामात एक शनिवार-रविवार तिथे जा. त्यांच्या खुल्या स्पर्धेत नाव द्या. पन्नास खेळाडूंची स्पर्धा तीसवर आली की बक्षिसं कुणी देत नाही, आणि बक्षिसं नसली की पुढच्या वर्षी वीसच येतात.

मंडळाची वार्षिक सहल किंवा क्रीडादिन एखाद्या अशा क्लबावर करावा, अशीही माझी सूचना आहे. मेलबर्नहून तीन-चार तासांवर कितीतरी क्लब आहेत. रविवारचं मैदान ते सहज देतील, जेवण त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या बायकांकडून घ्यावं आणि शाकाहारी किती हे आठवडाभर आधी कळवावं. उलट, एखाद्या शुक्रवारी आपणच पावभाजी करून त्यांच्या क्लबासाठी वाढायची तयारी दाखवली, तर त्या रात्री सगळं गाव येईल, याची मला खात्री आहे. नवऱ्याने आणि मी हे लहान प्रमाणावर करून पाहिलं आहे. बाहेरच्यांनी स्वयंपाकघर वापरायचं तर नगरपालिकेचे अन्नसुरक्षेचे नियम असतात, ते सेक्रेटरीला आधी विचारून घ्यावेत. पाव दोनशेच्या हिशोबाने न्यावेत.

सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्ट्या हा या भागातल्या हंगामाचा शेवटचा टप्पा असतो. त्यानंतर पिकं तयार होऊ लागतात आणि क्लबातल्या माणसांना वेळ राहत नाही. तेव्हा हा विषय कार्यकारिणीच्या ऑगस्टच्या बैठकीत घ्यावा, म्हणजे सुट्टीत निघणाऱ्या कुटुंबांपर्यंत यादी वेळेवर पोहोचेल. बैठकीला मला बोलावलं तर मी येईन. पहिल्या सहलीसाठी क्लबांना फोन करण्याचं कामही मी घेते.

कळावे,

आपली नम्र,
मेलबर्नमधील एक सभासद